जुना घोडा आणि बेताचे भांडवल

बेताच्या भांडवलावर मालवाहतुकीच्या धंद्यात उतरणाऱ्याने नवी गाडी घ्यावी की जुनी, हा प्रश्न आपल्याकडे हिशेबापेक्षा प्रतिष्ठेच्या अंगानेच अधिक चर्चिला जातो. नवी गाडी दारापुढे आली, तिला झेंडूचा हार चढला, नारळ फुटला, पेढे वाटले गेले, म्हणजे घराण्याचे नाव झाले असे मानणाऱ्यांना जुनी गाडी घेणारा इसम नाइलाजाने तडजोड करणारा वाटतो; आणि जुनी गाडी ती स्वस्त गाडी असे ज्याने मनाशी धरले आहे, त्याला नवी घेणारा उधळ्या वाटतो. माझे मत या दोघांहून निराळे आहे. ज्याच्यापाशी पैसा थोडा आहे त्याने जुनीच गाडी घ्यावी, परंतु गाठीचा सगळा पैसा तिच्यात घालू नये. निम्मा घालावा, निम्मा राखावा. आणि हे दुसरे पथ्य पाळणे शक्य नसेल, तर त्याने पहिला सल्लाही विसरून जावा.

येथे ज्या गाड्यांचा विचार करावयाचा आहे, त्या सामान्य मालमोटारी नव्हेत. पुढे ओढणारा घोडा आणि त्याच्या पाठीवर टेकलेला लांबलचक ट्रेलर, अशी जी जोडगाडी न्हावा-शेवा बंदराच्या रस्त्यांवर रात्रंदिवस रांगेत उभी दिसते, तिच्या खरेदीविक्रीविषयी हे लेखन आहे. जवाहरलाल नेहरू बंदर 1989 साली सुरू झाले आणि उरण, पनवेल, कळंबोली, द्रोणागिरी हा सारा मुलूख पाहता पाहता कंटेनरांचा झाला. त्यापूर्वीच, जानेवारी 1984 मध्ये, भूसंपादनाच्या अन्याय्य मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या भागातील शेतकरी रस्त्यावर उतरले होते, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले होते, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या रक्ताच्या मोलाने पदरात पडले होते. भातखाचरे आणि मिठागरे गेल्यावर हाती आलेल्या पैशातून त्या गावांतील अनेकांनी ट्रेलर घेतले. ज्या बंदराने जमीन घेतली त्याच बंदराचा माल वाहून संसार चालवावा, या विचारात गैर काहीच नव्हते. किंबहुना मोबदल्याचा पैसा ज्या अन्य मार्गांनी गेला, ते मार्ग पाहता हा विनियोग शहाणपणाचाच म्हणावा लागेल.

आणि या मंडळींना कागद वाचता येत नव्हता, असे कोण म्हणेल? गुंठाभर जमीन घ्यावयाची तर जो मनुष्य तीस वर्षांचा शोध-अहवाल मागतो, सातबाराच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात कोणाचा बोजा आहे, कुळाचे नाव लागले आहे काय, वाटणीपत्रावर बहिणींच्या सह्या आहेत काय, फेरफार मंजूर झाला की नुसता धरला, हे तलाठ्याच्या दप्तरी चारचार खेपा घालून पाहतो, तोच मनुष्य दहा-बारा लाखांची जोडगाडी घेताना ताज्या रंगाकडे पाहून, इंजिनाचा आवाज ऐकून आणि ‘सिंगल ओनरची गाडी आहे, मालकाने स्वतः सांभाळलेली’ या दलालाच्या एका वाक्यावर भिस्त ठेवून इसार देऊन मोकळा होतो. जमीन कोठे पळून जात नाही, गाडी मात्र एका रात्रीत दोन जिल्हे ओलांडते. तेव्हा दक्षता कोठे अधिक हवी, हे सांगावयास नको.

कारण बोजा गाडीवरही असतो. कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव आरसी बुकावर लागते, ज्याला धंद्यात ‘एचपी चढणे’ म्हणतात, आणि कर्ज फिटल्यावर संस्थेचा ना-हरकत दाखला व नमुना 35 प्रादेशिक परिवहन कार्यालयात देऊन ते उतरवून घ्यावे लागते. ‘कर्ज कधीच फिटले आहे, एचपी तेवढी उतरवायची राहिली’ असे विक्रेता म्हणाला, की तेथेच बोलणे थांबवून, ती उतरल्यावर पुन्हा बसू, असे नम्रपणे सांगावे. याहून घातक चाल म्हणजे सह्या करून कोऱ्या ठेवलेल्या नमुना 29 आणि 30 यांची. मूळ मालक या दोन कागदांवर सही करून पैसे घेतो, दलाल ते कागद गाडीबरोबर पुढच्याला देतो, तो आणखी पुढच्याला, आणि गाडी तिसऱ्या-चौथ्या हाती गेली तरी सरकारदरबारी मालक पहिलाच राहतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने, खरेदीदार त्याच राज्यातला असेल तर, 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत हस्तांतराची वर्दी द्यावयाची असते. परराज्यातील गाडी असेल तर तेथील कार्यालयाचा नमुना 28 वरील ना-हरकत दाखला त्याआधी लागतो. परंतु कार्यालयाची खेप, एजंटाची फी आणि जुन्या चलनांचा दंड एकदमच चुकवता येतो, म्हणून ही टाळाटाळ दोन्ही पक्षांना गोड वाटते. तिचे फळ 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले: वाहन हातोहात कितीही वेळा विकले गेले असले, तरी अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईला तोच जबाबदार. विक्रेता नाव चढवून देण्यास कुरकुर करू लागला, तर खरेदीदाराने त्याला या निकालाची आठवण द्यावी. हस्तांतर हे आपल्यावरचे उपकार नसून त्याच्या स्वतःच्या संरक्षणाची बाब आहे, हे त्याला पटकन उमगते.

खुद्द खरेदीदाराचे संकट निराळे. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावे राहिली, तर तिसऱ्या पक्षाला मिळणारे संरक्षण कायद्याने गाडीबरोबर जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा जात नाही. बोरघाटात गाडी उलटली, घोडा चेपला, आणि त्यानंतर पॉलिसीवरचे नाव बदलण्याचा अर्ज लिहावयास बसले, तर तो अर्ज कोणी वाचणार नाही.

कागदांतच गाडीचे आयुष्यही लिहिलेले असते. दोन आसांच्या साध्या मालमोटारीला 12 वर्षांनंतर आणि अधिक आसांच्या गाडीला 15 वर्षांनंतर राष्ट्रीय परवाना मिळत नाही. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरसाल पासिंग करून घ्यावे लागते. आणि पंधरा वर्षांपुढे त्या पासिंगची फी अशा पटीने वाढवून ठेवली आहे की, शासनाला ती गाडी भंगारात हवी आहे, हे निराळे सांगण्याचे कारण उरत नाही. तेव्हा अकरा वर्षांची गाडी पाच वर्षांच्या कर्जावर घेणारा मनुष्य शेवटचे वर्षभर, परराज्यात जाऊ न शकणाऱ्या गाडीचा हप्ता भरणार आहे. हे गणित सातवीतल्या मुलालाही येते. पण ते मांडण्याची वेळ सौद्याच्या दिवशी येत नाही, कारण त्या दिवशी सारी मंडळी रंगाकडे पाहत असतात.

गाडीच्या नावातल्या आकड्यांकडेही असेच दुर्लक्ष होते. टाटाची 4018 म्हणजे ढोबळ मानाने 40 टन एकूण वजन आणि 180 अश्वशक्ती. 5530 म्हणजे 55 टन आणि 300. जुलै 2018 मध्ये केंद्र शासनाने आसभाराच्या मर्यादा वाढविल्या, सर्वांत मोठ्या जोडगाडीची मर्यादा 49 टनांवरून 55 टनांवर गेली, आणि त्याबरोबर जुन्या कमी ताकदीच्या घोड्यांचे भाव उतरले. ते का उतरले, हे खरेदीदाराने स्वतःला विचारावे. भरलेल्या कंटेनरचे कमाल वजन साडेतीस टनांपर्यंत जाते, घोडा आणि ट्रेलर मिळून आणखी बारा-पंधरा टन. अर्थात 40 टनांच्या मर्यादेच्या गाडीने जड पेटी उचलली की ती कायद्याबाहेर गेलीच. 2019 च्या दुरुस्तीपासून जादा भाराला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक टनास 2,000 रुपये असा दंड आहे. स्वस्त घोड्याच्या मालकापुढे मग दोनच वाटा राहतात: हलक्या पेट्या वाहून हलके भाडे घेणे, किंवा दरवेळी वजनकाट्याला चुकवीत हिंडणे. पहिली वाट प्रामाणिक आहे आणि ती परवडतेही, परंतु तिच्या हिशेबाने किंमत ठरवून गाडी घेतली असेल तरच.

यंत्राविषयी मी फार लिहीत नाही. ते फिटरचे क्षेत्र आहे, आणि तो फिटर आपण आणलेला व आपण पैसे दिलेला असावा, दलालाने जाता जाता हाक मारून बोलावलेला नसावा, एवढेच निक्षून सांगतो. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. गरम करून ठेवलेले इंजिन आपले पुष्कळसे रोग लपविते. ऑइलचे झाकण उघडून इंजिन चालू ठेवले असता आतून धूर धापा टाकीत बाहेर येऊ लागला, तर त्याला फिटर ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ पिस्टन-लायनरचे काम दारात उभे आहे. एप्रिल 2017 पूर्वीचे बीएस-3 घोडे साध्या पंपावर चालतात, कोणत्याही नाक्यावरचा कारागीर त्यांना हात घालू शकतो. त्यानंतरच्या पुष्कळ गाड्यांत आणि 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत युरियाची टाकी, सेन्सर आणि संगणक आला, आणि आधीच्या मालकाने खर्च वाचविण्यासाठी ती यंत्रणा बंद करून ठेवली असेल, तर तिचे बिल नव्या मालकाच्या नावे फाडले जाते. बेताच्या भांडवलाला जुना, साधा पंप मानवतो असे माझे मत आहे, जरी त्याच्या परवान्याची वर्षे थोडी उरली असली तरी.

ट्रेलरकडे मात्र लोक अजिबात पाहत नाहीत, आणि ही मला सर्वांत विस्मयाची गोष्ट वाटते. घोड्याभोवती दहा प्रदक्षिणा होतात. मागची चाळीस फुटांची तुळई कोठे तडकून पुन्हा वेल्डिंगने जोडली आहे, किंगपिन किती झिजला आहे, ज्या जबड्यात तो अडकतो त्या जबड्याला किती हेलकावा आहे, हे खाली वाकून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. वास्तविक उतारावर साऱ्या ओझ्याचा जीव त्या दोन इंचांच्या खुंटीवर टांगलेला असतो. ट्रेलरचे कागदही निराळे मागून पाहावेत, आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा उमटवून तो आरसी बुकाशी आपल्या डोळ्यांनी ताडून पाहावा. मग चाके मोजावीत. तीन आसांच्या घोड्याला तीन आसांचा ट्रेलर जोडला की 22 टायर होतात. एक नवा रेडियल वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातो. म्हणजे गाडी ज्या टायरांवर उभी आहे ते संपलेले असतील, तर पाचेक लाखांची खरेदी अजून व्हावयाची आहे असे समजावे. टायरच्या कडेवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रंग लावून टायर काळे करता येतात, हे आकडे मात्र बदलत नाहीत. आणखी एक बारीकशी सूचना: सप्टेंबर 2025 मध्ये नव्या मालमोटारींवरील वस्तू व सेवा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या गाडीची किंमत सांगणारा विक्रेता नव्या गाडीचा कोणता भाव मनाशी धरून बोलतो आहे, हे विचारण्यास संकोच करू नये.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे पैशाकडे. समजा, एखाद्यापाशी सात लाख आहेत. दलाल त्याला सांगतो की, सहा-साडेसहा लाख हाती द्या, वर दहा लाखांचे कर्ज मी करून देतो, व्याज फक्त दहा टक्के. हे दहा टक्के ‘फ्लॅट’ असतात. तीन वर्षांत तीन लाख व्याज, महिन्याचा हप्ता 36,111 रुपये. परंतु मुद्दल दरमहा फिटत जात असता व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण दहा लाखांवर आकारले जाते, आणि घटत्या शिलकेवर मांडले तर तोच दर अठरा टक्क्यांच्या जवळ पोहोचतो. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2024 पासून कर्जदाराला एक प्रमुख माहितीपत्रक देणे बंधनकारक केले आहे, ज्यात सर्व खर्चांसह वार्षिक दर लिहावा लागतो. ते पत्रक सही करण्यापूर्वी मागावे, सह्या उरकून झाल्यावर नव्हे.

हप्ता ठरला, आता गाडी धावू लागते. न्हावा-शेवाहून चाकणला जाऊन-येऊन साधारण 260 किलोमीटर. लिटरला तीन किलोमीटर धरले तर सत्त्याऐंशी लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने पावणेआठ हजारांच्या वर; महिन्यात तेरा फेऱ्या मिळाल्या तर लाखभर रुपये डिझेललाच. याच हिशेबात गाडी लिटरला साडेतीन किलोमीटर देऊ लागली, तर महिन्याला चौदा हजारांहून अधिक वाचतात, म्हणजे हप्त्याचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग निव्वळ एका बऱ्या पंपाने आणि बऱ्या नोझलने भरून निघतो. पन्नास हजारांनी स्वस्त मिळालेला दमलेला घोडा चार महिन्यांत ती सूट परत घेतो, ती अशी. डिझेलच्या जोडीला चालकाचा पगार आणि भत्ता, फास्टॅगमधून क्षणात कापला जाणारा टोल, वर्षाकाठी विम्याचा तिसऱ्या पक्षाचा हप्ता, जो 40 टनांवरील गाडीस 2022 च्या दरपत्रकाप्रमाणे 44,242 रुपये आहे. हे सर्व रोख. भाडे मात्र उधार. ट्रान्सपोर्टर दीड-दोन महिन्यांनी बिल देतो, आणि तो दुष्ट असतो असे नव्हे; त्यालाही वरून तसेच येते. बंदराच्या फाटकाबाहेर एक दिवस रांगेत गेला किंवा रिकामी पेटी परत घेणारे यार्ड भरलेले निघाले, की फेऱ्या तेरावरून दहावर येतात आणि हप्त्याची तारीख तेथल्या तेथेच राहते. म्हणून पहिले दोन महिने साडेतीन-चार लाख रुपये आपल्या खिशातून फिरवता आले पाहिजेत. सातांपैकी साडेसहा ज्याने इसारात आणि डाउन पेमेंटमध्ये घातले, त्याच्यापाशी पन्नास हजार उरले आहेत. तो पहिल्याच महिन्यात खासगी सावकाराच्या ओट्यावर बसलेला असतो, आणि तिसरा हप्ता चुकला की वसुलीची माणसे गाडी ओढून नेतात. बळजबरीने गाड्या ओढून नेण्याच्या प्रकारावर सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात कडक ताशेरे ओढले आहेत. परंतु ते ताशेरे रात्री दोन वाजता पळस्पे फाट्यावर चालकाच्या उपयोगी पडत नाहीत.

निम्मे भांडवल राखून ठेवले, तर गाडी लहान किंवा जुनी घ्यावी लागेल, हे मला मान्य आहे. कोणी म्हणेल, असे केल्याने मनुष्य कायम मागेच राहील. मला तसे वाटत नाही. साडेतीन लाख हाती देऊन सात-आठ लाखांचा साधा घोडा आणि ठणठणीत ट्रेलर घेणारा, राखलेल्या साडेतीन लाखांवर मंदीचे दोन महिने काढू शकतो, भाड्याला नाही म्हणू शकतो, आणि नाही म्हणता येणे हीच या धंद्यातली खरी मिळकत आहे; ज्याला उद्याचा हप्ता भरायचा आहे तो कोणत्याही दराला पेटी उचलतो, आणि असे शेकडो जण उचलतात म्हणून सगळ्यांचाच दर पडतो.

कर्ज देणाऱ्या संस्थांना सरसकट दोष देण्यातही अर्थ नाही. ज्याच्यापाशी पगारपत्रक नाही, प्राप्तिकराचे विवरणपत्र नाही, त्याच्या जुन्या ट्रकवर पैसा देणे बँकांना ज्या काळी अब्रह्मण्यम् वाटे, त्या काळी, 1979 साली, चेन्नईत आर. त्यागराजन यांनी श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स सुरू केली, आणि जुन्या ट्रकचा चालक-मालक हा परतफेड करणारा ऋणको असतो हे पुढल्या चार दशकांत सिद्ध करून दाखविले. तेव्हा माणूस नादार नाही आणि माल खोटा नाही. उणे आहे ते माहितीचे, आणि ते उणे शासनाला भरून काढता येण्याजोगे आहे.

‘वाहन’ प्रणालीत गाडीची नोंदणी, कर, पासिंग, परवाना आणि थकलेली चलने आज नोंदलेली आहेत. विम्याच्या दाव्यांची माहिती इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे जमा होते. गाडी कितीदा अपघातात सापडली, तिच्या दुरुस्तीचे केवढे दावे मंजूर झाले, प्रत्येक पासिंगच्या दिवशी मीटरवर किती किलोमीटर होते, ही चार ओळींची हकीकत त्या दोन दप्तरांतून काढून नमुना 30 ला जोडली गेली, आणि तिच्यावर खरेदीदाराची सही झाल्याखेरीज हस्तांतर होऊ नये असा नियम झाला, तर त्यासाठी नवे खाते नको, नवे कारकून नकोत, केंद्रीय मोटार वाहन नियमांतील एका नमुन्याची दुरुस्ती पुरेल. दलालांची संघटना हरकत घेईल. त्या हरकती मागवण्यासाठी राजपत्रात मसुदा प्रसिद्ध करून तीस दिवसांची मुदत द्यावी, आणि मुदत संपताच नियम अंमलात आणावा.